पाच पायांचं कासव

उत्तरा : ...आणि पाय पाच आहेत, आत्या. चार चार ठिकाणी आणि मागे मधोमध एक जास्तीचा.

वनमाला : कुणाला?

उत्तरा : कासवाला गं. कार्डावरच्या. तू ऐकतेयस की नुसती डाळ निवडतेयस?

वनमाला : ऐकतेय. पण तू मधूनच सुरू करतेस. आधी डबा, मग श्यामकांत, मग एकदम कासव. पहिल्यापासून सांग बघू. आणि हात चालू ठेव. तुझी आई कीर्तन ऐकून देवळातून येईल आणि डाळ तशीच दिसली की माझ्या नावानं ओरडेल.

उत्तरा : बरं, पहिल्यापासून. आमच्या हायकिंगच्या ग्रुपमध्ये तो चंद्रप्रकाश आहे ना, विलायतेला शिकून आलेला? त्यानं हे खूळ आणलं. तिकडे एका मोठ्या माळरानावर लोक चालायला जातात, आणि दगडाच्या कपारीत कुणीतरी डबा लपवलेला असतो. तो शोधायचा. सापडला की आपलाच पत्ता लिहिलेलं एक कार्ड त्यात ठेवून यायचं. पुढचा कुणी तिथवर पोचला की त्यानं आपलं कार्ड उचलायचं, त्याच्यावर स्वतःची खूण छापायची आणि गावात आल्यावर पोस्टात टाकायचं. कार्ड घरी आलं की समजायचं, आपल्या पाठीमागून कुणीतरी जाऊन आलं.

वनमाला : नाव नाही लिहायचं?

उत्तरा : अजिबात नाही. फक्त खूण. श्यामकांतचं घुबड, चंद्रप्रकाशची चंद्रकोर, कुंदाची फणी. खोडरबर कोरून छाप केलेत सगळ्यांनी. माझी चिमणी आहे, पण मेले सगळे कावळा म्हणतात.

वनमाला : आणि डबा कुठे तुमचा?

उत्तरा : आपल्याच रानात, नदीच्या वरच्या अंगाला. श्यामकांतनं कोडं घातलं होतं. नदीच्या कडेनं वर जायचं, देवीचा शेंदरी दगड आला की पायवाट सोडायची, आणि मग पान नसलेलं, लाल फुलांनी पेटलेलं झाड शोधायचं. त्याच्या मुळाशी डबा. आता शहाण्यानं हे कोडं लिहिलं शिमग्याच्या आधी. चैत्र उजाडला, तोवर सगळी फुलं गळून गेली. आम्ही लाल फुलं शोधत हिंडतोय, कुंदा तर एका पांगाऱ्याच्या काट्यांत अडकली. शेवटी श्यामकांतलाच हाताला धरून न्यावं लागलं. आणि अशात हा कोण कुठला माणूस, ग्रुपमधला नाही, कुणाच्या ओळखीचा नाही, तो सरळ जातो, डबा उघडतो, आमची कार्डं उचलतो, कासव छापतो आणि पोस्टात टाकतो. श्यामकांतला आलं, चंद्रप्रकाशला आलं, कुंदाला आलं. माझंच तेवढं यायचंय.

वनमाला : मग तुम्हाला काय वाटतं, कोण असेल?

उत्तरा : चंद्रप्रकाश म्हणतो, त्या रानातल्या लेण्यांत एखादा साधू राहत असणार. पाच पाय म्हणजे पंचमहाभूतं. कुंदा म्हणते फॉरेस्टातला शिपाई. श्यामकांतचं म्हणणं वेगळंच. तो म्हणतो, साधू नाही नि शिपाई नाही, कुणीतरी अडाणी माणूस आहे. कासवाला पाय किती तेसुद्धा ज्याला ठाऊक नाही.

वनमाला : असं म्हणाला?

उत्तरा : हो. पण आता कळेलच. पोस्टाचा शिक्का बघून त्यानं हिशेब लावलाय की हा प्राणी शुक्रवारीच येतो. मागच्या शुक्रवारी दोघं पाळतीवर बसले होते. उन्हानं तोंडं लाल करून परत आले, कुणी आलंच नाही. कापूस वेचणारी एक बाई तेवढी गेली म्हणे. आता या शुक्रवारी सगळा ग्रुप लपून बसणार आहे. चंद्रप्रकाश कॅमेरा आणतोय. फोटो काढायचा, ग्रुपच्या खोलीत भिंतीवर लावायचा आणि खाली नाव लिहायचं.

वनमाला : फोटो कशाला? कुणी आपलं येतं, कार्ड टाकतं, तुमचं काय बिघडतं?

उत्तरा : बिघडत काही नाही. पण जीव राहत नाही ना. तूच सांग, तुला नाही वाटत बघावंसं? आणि ज्याला कासव धड काढता येत नाही—

वनमाला : धड काढता येत नाही काय. तो पाय नाहीच मुळी. शेपटी आहे ती. बोट जरा घसरलं की शेपटी जाड होते, एवढंच.

उत्तरा : बोट?

वनमाला : म्हणजे, काढताना.

उत्तरा : पण ते बोटानं काढलेलं नाहीये. छापलेलं आहे. आणि मी तुला कार्ड दाखवलेलं नाही. आत्या, वर बघ. अगं डाळीत काय बघतेस, माझ्याकडे बघ.

वनमाला : हळू बोल. भाऊ आत पडलेत.

उत्तरा : तू?

वनमाला : हळू बोल म्हटलं ना.

उत्तरा : तू कशी? तू तर देवळापलीकडे कुठे जात नाहीस.

वनमाला : ते कोडं तू परकराच्या खिशात ठेवून धुवायला टाकलंस. धुण्याआधी खिसे मीच बघते. वाचलं आणि डोक्यातनं जाईना. पान नसलेलं, लाल फुलांचं. म्हटलं, ही सावर. दुसरं काय असणार? फुलं गळली म्हणून झाड थोडंच पळून जातं? चैत्रात तिची बोंडं फुटतात आणि कापूस उडतो. उशा भरायला आपण तोच तर आणतो. शेवंतीला विचारलं, ती आपल्याकडे मोळी टाकते ना, पाड्यावरची, की बाई, देवीच्या दगडाजवळ सावर कुठे आहे? तिनं पहिल्यांदा नेलं. मग मी एकटी जायला लागले.

उत्तरा : म्हणजे ती कापूस वेचणारी बाई—

वनमाला : तुझा श्यामकांत माझ्याशी बोलला. "मावशी, इकडे कुणी माणूस बघितलात का?" मी म्हटलं, नाही रे बाबा, माणूस काही दिसला नाही. पाणी होतं माझ्याकडे, ते प्यायले दोघं. मग कंटाळून उठून गेले. ते गेल्यावर मी डबा उघडला. तुझंच कार्ड होतं वर.

उत्तरा : झकास. आत्या, तू म्हणजे कमाल आहेस. पण शुक्रवारीच का?

वनमाला : चैत्रातल्या शुक्रवारी काय असतं गं घराघरांत?

उत्तरा : हळदीकुंकू.

वनमाला : आळीतल्या सगळ्या बायका आधी आपल्या ओट्यावर जमतात. गजरे होतात, कुणाची साडी कशी ते बघून होतं, मग घोळका निघतो. तेव्हा मी मागच्या खोलीत असते. चांगल्या कामाला निघताना मी कुणाला आडवी यायला नको. इतकी वर्षं मी तिथे भिंतीकडे तोंड करून पडायची, डोकं दुखतंय म्हणून सांगायची. या वर्षी मागचं दार उघडलं आणि विहिरीवरून खाली उतरले. तुम्ही पुढच्या दारानं गेलात, मी मागच्या. तुम्ही परत यायच्या आत चुलीवर चहा असतो.

उत्तरा : मी पण त्या घोळक्यात असते की. मला वाटायचं, आत्याचं खरंच डोकं दुखतं.

वनमाला : सगळ्यांना तसंच वाटतं. म्हणून तर जमलं. उत्तरा, ऐक. हे तू कुणाला सांगायचं नाहीस. त्या पोरांना नाही, आईला नाही, भाऊला तर नाहीच नाही. मला कळायला लागल्यापासून माझं म्हणून एवढंच एक मिळालंय. ते उघडं पडलं की संपलं.

उत्तरा : नाही सांगणार. गळ्याशपथ.

(उत्तराचे वडील, भाऊ, आतल्या खोलीतून बाहेर येतात. हातात एक पोस्टकार्ड आहे. वनमालाला ते लांबूनच ओळखू येतं. निवडून झालेली डाळ ती सुपात घेते आणि उगाच पुन्हा पाखडायला लागते.)

भाऊ : उत्तरा, इकडे ये. हे काय आहे?

उत्तरा : कार्ड आहे.

भाऊ : कार्ड आहे ते मलाही दिसतंय, मी काही आंधळा नाही. काल पोस्टमननं माझ्या हातात दिलं. मजकूर नाही. पाठवणाऱ्याचं नाव नाही. पत्ता मात्र तुझ्या अक्षरात. म्हणजे तू कुणालातरी आपला पत्ता स्वतः लिहून दिलास, आणि त्यानं तुला ही खूण धाडली. कालपासून विचार करतोय. कासव म्हणजे काय समजायचं? सावकाश भेटू?

उत्तरा : भाऊ, तसलं काही नाहीये. तो एक खेळ आहे.

भाऊ : खेळ आहे तर खेळगड्याचं नाव सांग. कोण आहे तो?

उत्तरा : ते नाही सांगता येणार.

भाऊ : का?

उत्तरा : शब्द दिलाय.

भाऊ : शब्द दिलाय. वा. ऐकलंस वनू? मी हिला पोरांबरोबर डोंगर चढायला सोडली, लोक काय म्हणतील याची पर्वा केली नाही. हिच्या आईला सांगितलं, काळ बदललाय, पोरगी धडधाकट होईल. आणि ही शब्द देऊन आली. ठीक आहे. आजपासून ते हायकिंग बंद. बूट माळ्यावर टाक. नाव सांगशील तेव्हा खाली काढू.

उत्तरा : मग राहू देत माळ्यावर.

भाऊ : उत्तरा, मी गंमत करत नाहीये.

उत्तरा : मी पण नाही करत.

वनमाला : भाऊ, ती नाही सांगणार. ते कार्ड मी टाकलं.

भाऊ : तू मध्ये पडू नकोस. नेहमी तिला पाठीशी घालतेस. लहानपणी हिनं कपबशी फोडली की तूच पुढे व्हायचीस.

वनमाला : तेव्हा खोटं बोलायचे. आता खरं सांगतेय. उजेडात धर ते. शेपटी बघ कासवाची.

भाऊ : काय बघायचंय शेपटीत? जाड आहे. पायासारखी... थांब. हे कुठंतरी पाहिलंय असं कालपासून मला वाटतंय. जेवताना पण डोक्यात तेच. हे आपल्या दारातलं. चैत्रांगणातलं. आई काढायची ते.

वनमाला : आईचं नव्हे, माझं. चैत्रागौर बसली की आई दारात रांगोळी काढायची, शंख, चक्र, गौरीचा पाळणा, सूर्य, चंद्र. त्या वर्षी मला म्हणाली, कासव तू काढ. माझ्या चिमटीतनं रांगोळी भसकन सुटली आणि शेपटीचा पाय झाला. मी रडायला लागले. आई म्हणाली, राहू दे, पाचव्या पायानं जरा लवकर पोचेल. त्यापुढे ती दरवर्षी पाचच काढायची. तू हसायचास.

भाऊ : हो. मी हसायचो. आता मात्र दारात— हिच्या आईचं वेगळं असतं. तिच्या माहेरचं, चार पायांचं.

वनमाला : बरोबरच आहे. दारातली रांगोळी सवाष्णीनं काढायची. मी परत आले त्या वर्षापासून वहिनी काढते.

भाऊ : आणि हे छापलंस कशानं?

वनमाला : पोळपाटाचा तुटका पाय होता, तो कोरला. विळीच्या टोकानं.

भाऊ : नाही, हे लाल. शाई नाही ही. बोटाला लागतंय.

वनमाला : कुंकू आहे. एरंडेलात कालवलेलं.

भाऊ : वनू.

वनमाला : मी लावायचं नाही असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तूही होतास त्यांत. कागदाला लावायचं नाही, असं काही कुणी म्हणालं नव्हतं.

उत्तरा : भाऊ, बसा ना. उभे का आहात? रानात सावरीच्या झाडाखाली डब्यात आम्ही आपापल्या पत्त्याची कार्डं ठेवतो, ती आत्या खूण छापून पोस्टात टाकते.

भाऊ : बसतो. ...तू रानात जातेस? एकटी? तिथे बिबट्या आहे. मागे पाड्यावरची शेळी नेली, सगळ्या बोरीवलीला माहीत आहे.

वनमाला : मलाही माहीत आहे. बिबट्या दुपारी झोपतो, शेवंती म्हणते. बायका दुपारी जाग्या असतात. मला त्यांची भीती जास्त.

भाऊ : पण कशासाठी? कापूस हवा होता तर मी बाजारातून आणून दिला असता.

उत्तरा : कापसासाठी नाही हो भाऊ. शुक्रवारी सगळ्या जणी आपल्या ओट्यावर जमतात, तेव्हा आत्याला मागच्या खोलीत बसायला लागतं. दर वेळी. आपण म्हणतो, तिचं डोकं दुखतंय.

भाऊ : मला हे ठाऊक नव्हतं.

वनमाला : तू ऑफिसात असतोस.

भाऊ : उत्तराच्या आईला?

वनमाला : वहिनीला रागे नको भरू. ती बिचारी जाताना दार हळूच लोटून घेते, माझ्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून. तिनं काही पद्धत केली नाही, तिच्या हातात आली ती तिनं पाळली. आपण सगळ्यांनीच पाळली. मीसुद्धा.

भाऊ : मग या वर्षी पाळायची नाही. येत्या शुक्रवारी हळदीकुंकू आपल्याकडे आहे ना? दारातलं चैत्रांगण तू काढ. पाच पायांचं काढ. मी रजा टाकतो आणि ओट्यावर खुर्ची घेऊन बसतो. कोण काय बोलतंय ते बघतो.

वनमाला : आणि बायका दारातूनच परत गेल्या म्हणजे? वहिनीनं पन्हं कुणाला द्यायचं? तुला वाटतं मला तुझं दार हवंय. हवं होतं, भाऊ. फार वर्षं हवं होतं. तेव्हा कुणी दिलं नाही. आता नको झालंय. आता मला तिकडे जायचं असतं. आठवडाभर मनात तेच असतं, की या वेळी डब्यात कुणाचं कार्ड असेल, कोणती नवी खूण असेल, कुणी कोडं बदललं असेल का. भांडी घासताना मी त्याचाच विचार करते. इतकं कशात कधी मन गेलं नव्हतं.

भाऊ : बरं. मग मी येतो तुझ्याबरोबर. सोबतीला.

वनमाला : तू आलास की मला तुझ्या मागून चालावं लागेल.

उत्तरा : भाऊ, हसता काय? खरंच आहे ते. तुम्ही केवढ्या ढांगा टाकता.

भाऊ : हसत नाहीये. वनू, आणि मी नाही म्हटलं तर? समज, मी म्हटलं, जायचं नाही.

वनमाला : तर नाही जाणार. तुझं घर आहे, मी तुझ्या घरात राहते. पण मग एक कर. एका शुक्रवारी रजा घे आणि माझ्याबरोबर त्या मागच्या खोलीत बस. बाहेर बायका हसत असतात ते ऐकत. दार लोटलेलं. बोलायचं नाही, खोकायचं नाही. त्या सगळ्या निघून जाईपर्यंत. मग सांग, जाऊ नकोस म्हणून.

उत्तरा : पाणी आणू का, भाऊ?

भाऊ : नको. ...उत्तरा, तुझे बूट आहेत तिथेच असू देत.

उत्तरा : आणि आत्याचं काय?

भाऊ : आत्याच्या पायात चपला आहेत त्या झिजलेल्या आहेत. रानात काटे असतात. उद्या स्टेशनवरच्या दुकानात नीट जाड तळाच्या बघा. मला इतकंच कळतं.

वनमाला : नव्या चपला चालतील.

उत्तरा : पण शुक्रवारी सगळे कॅमेरा घेऊन बसणार आहेत, त्याची वाट लावायला पाहिजे. मी असं करते, आत्या, त्यांच्या आधीच डबा हलवते. नवं कोडं मी घालते. तुला चटकन कळेल आणि त्या शहाण्यांना महिनाभर कळणार नाही असं. तुळशीच्या लग्नातलं काहीतरी, नाहीतर फोडणीतलं.

वनमाला : फार सोपं घालू नकोस हां. मला शोधायला लागलं पाहिजे.

भाऊ : मला एक सांग. बाकीच्यांची कार्डं तू टाकतेस. तुझं कोण टाकतं?

वनमाला : माझं नसतंच. कार्ड ठेवायचं म्हणजे इथला पत्ता घालायला हवा. इथे आलं असतं तर वहिनीनं विचारलं असतं, तुला कोण लिहायला लागलं म्हणून.

उत्तरा : म्हणजे तू इतके दिवस फक्त आमचीच टाकलीस? खेळ अर्धाच खेळलीस तू.

भाऊ : घरात कोरं कार्ड आहे का?

उत्तरा : टेबलाच्या खणात आहे एक. थांबा, पेन पण आणते... हे घ्या. तुम्ही लिहिणार?

भाऊ : हो, मीच लिहितो. माझ्या अक्षरात आलं म्हणजे घरात कुणी काही विचारणार नाही.

उत्तरा : दाखवा. "गं. भा. वनमालाबाई—"

वनमाला : ते नको.

भाऊ : काय नको?

वनमाला : पुढची ती दोन अक्षरं. गं. भा. लग्नपत्रिका आली, कुणाच्या बारशाचं बोलावणं आलं, की माझ्या नावाआधी तीच दिसतात. वाचणाऱ्याला आधी कळतं माझा नवरा गेलाय, मग कळतं मी कोण. त्या सावरीखाली मला कुणी ती लावत नाही.

भाऊ : सवयीनं गेलं गं. मी मुद्दाम नाही लिहिलं.

वनमाला : ठाऊक आहे मला.

भाऊ : पण शाईनं लिहिलंय. खोडाखोड होईल, घाण दिसेल. उद्या पोस्टातून दुसरं आणतो, त्यावर नीट लिहू.

वनमाला : नको. याच्यावरच खोड. मला ते खोडलेलं घरी आलेलं बघायचंय.